साडेआठ सेंटिमीटरांतलं गाव

४ डिसेंबर २०२५, गुरुवार. मार्गशीर्ष पौर्णिमा.

आज सकाळी पहिल्या गाडीने चौसाळ्याला उतरलो आणि तिथून बंकटच्या मोटारसायकलवर मागे बसून गावात गेलो. विहारात वंदना घेतली, थोडा वेळ डोळे मिटून बसलो, मग दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून विहिरी मोजायला निघालो. तीन वर्षांत एकही पौर्णिमा चुकलेली नाही. पौर्णिमेला विहारात यायचंच असतं, तेव्हा मोजणीही त्याच दिवशी उरकावी, असं सुरुवातीला सोयीसाठी ठरवलं होतं. आता ही दोन कामं मनात वेगळी राहिलेली नाहीत. दोराच्या टोकाचं वजन पाण्याला टेकतं, दोर सैल पडतो, हाताला कळतं. त्या क्षणी मनात दुसरं काही नसतं.

नेहमीप्रमाणे पाझर तलावाखालच्या देशमुखांच्या थोरल्या विहिरीपासून सुरुवात केली आणि ओढ्याच्या कडेने खाली येत येत शेवटी आमच्या वस्तीवरच्या विहिरीपाशी थांबलो. एकूण चोवीस विहिरी. वस्तीत शुकशुकाट आहे, निम्मी घरं ऊसतोडीला गेलीत. बंकट, माझा चुलतभाऊ, ओट्यावर बसून बघत होता.

"विलासदादा, तीन सालं झाली इहिरीत दोर सोडतूस. एखादा मासा तरी घावला का?"

"घावला," मी म्हणालो. "पण लई मोठा हाय. कागदावर मावंना."

बोललो थट्टेत, पण परतीच्या गाडीत तेच खरं ठरलं. जर्नलकडून मेल आला होता. दोन्ही परीक्षकांनी विहिरींवरचा आमचा शोधनिबंध चांगला म्हटलाय. एकाने तर 'मौल्यवान नोंदी' असं लिहिलंय. मांजरसुंब्याचा घाट येईपर्यंत मी ते दोन शब्द वाचत होतो. पुढे अट आहे. निबंध सहा पानांत बसला पाहिजे आणि आकृती तीन, जी आता अख्खं पान खाते, ती एका स्तंभात, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर रुंदीत मावली पाहिजे. महिन्याची मुदत आहे.

आकृती तीन हा माझा जीव आहे. तो त्रिमितीय आलेख आहे. एका कडेने चोवीस विहिरी, तलावापासून वस्तीपर्यंत क्रमाने. दुसऱ्या कडेने एकामागून एक पौर्णिमा. आणि वर उचललेली उंची म्हणजे त्या त्या विहिरीतलं त्या दिवशीचं पाणी. सगळं मिळून एक टेकडी दिसते, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात बसणारी. आमच्या गावाचा श्वास चालल्यासारखी. एवढं सगळं साडेआठ सेंटिमीटरांत?

८ डिसेंबर, सोमवार

कॉलेजात गेल्या गेल्या अमरसिंह सरांना मेल दाखवला. सर भूगोलाचे विभागप्रमुख, आणि निबंधावरचं दुसरं नाव त्यांचं. देशमुखांची थोरली विहीर म्हणजे यांच्याच घरची. मी आणि ते गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एका वर्गात होतो. लोकांना आपल्या विहिरीत दोर सोडू द्यायला त्यांनीच राजी केलं, तलावाच्या नोंदी त्यांनीच मिळवून दिल्या. त्यांच्या शब्दाशिवाय हे काम उभं राहिलं नसतं, हे मी कुणालाही सांगेन.

सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसाठी चहा सांगितला. "ऐका हो! आमच्या गावच्या ओढ्याला परदेशातला माणूस मौल्यवान म्हणतोय. आणि आम्ही इथं बोअर घेऊन घेऊन थकलो!" सगळे हसले. मग त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे सगळं विलास सरांचं."

मी दिवसभर वर्गात चांगला शिकवत होतो. मला स्वतःलाच ते जाणवत होतं.

११ डिसेंबर, गुरुवार

चैताली परीक्षा संपवून घरी आलीय. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते, लॅपटॉपवर आलेख काढणं तिच्या हातचा मळ. मी काढलेली आकृती तिने उघडली आणि पहिलंच वाक्य बोलली, "पप्पा, ह्यात निम्मी हवा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा की. टेकडी एवढीशी आणि तिच्याभोवती ही पेटी. मागे करड्या भिंती, भिंतींवर जाळी, चारी बाजूंनी रिकामी पांढरी जागा. कागद ह्यातच जातोय."

तिने भिंती काढल्या. मग जाळी काढली. मग उजवीकडची रंगपट्टी. तिला मी अडवलं, पाणी किती खोल ते रंगावरून कळतं ना! ती म्हणाली, "उंचीवरून कळतंच की. एकच गोष्ट दोनदा सांगितली तर लोक विश्वास ठेवतात असं नाही." हे वाक्य मला वर्गात वापरावंसं वाटलं.

राजश्री, माझी बायको, हरभऱ्याची भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "भिंती काढल्या, जाळी काढली. आता घरात ऱ्हायलं काय?"

"माणसं," चैताली म्हणाली.

अक्षांवरच्या आकड्यांची गर्दी तिने निम्मी केली, उंची थोडी दाबली, कडेची पांढरी जागा कापली. तासाभरात आकृती पानाच्या निम्म्यावर आली. मग ती म्हणाली, "आता फिरवून बघू का? दुसऱ्या बाजूनं बघितलं तर?"

मी नको म्हणालो. एक नंबरची विहीर पुढेच हवी. फिरवली तर आकडे उलटे वाचावे लागतील.

"एक नंबर पुढेच का?"

"क्रम आहे तो."

तिने खांदे उडवले. मुलं लगेच फिरवाफिरवी करायला बघतात. क्रम म्हणून काही असतं.

१४ डिसेंबर, रविवार

एक युक्ती केली. बंकटच्या मेहुण्याच्या लग्नाची जुनी पत्रिका घेतली आणि तिच्यात बरोबर साडेआठ सेंटिमीटर रुंदीची खिडकी कापली. आता कुठलाही कागद त्या खिडकीतून बघायचा. मावतो की नाही, वाचता येतो की नाही, लगेच समजतं. राजश्री म्हणते, मी दिवसभर त्या खिडकीतून घरभर बघत फिरतोय. खरंच बघितलं. खिडकीतून चैताली दारात बसलेली बरोबर मावली.

आकृती झेरॉक्सच्या दुकानात जाऊन खऱ्या मापात छापून आणली. रुंदीत बसली. अक्षरंही वाचता येतात. पण घोळ वेगळाच निघाला. पुढे देशमुखांकडच्या विहिरींची टेकडी एवढी उंच आहे की मागचं काहीच दिसत नाही. मोठ्या कागदावर कडेकडेने थोडं डोकावता यायचं, आता तेही बंद. आणि मागे तर खरी गोष्ट आहे. वस्तीची विहीर आणि तिच्या वरच्या तीन, या चार विहिरींत पाणी सगळ्यांच्या आधी उतरतं. तलावाखाली टेकडी पुरती फुगलेली असते तेव्हाच इकडे खड्डा पडायला लागतो. निबंधाचा कणा तोच आहे. टेकडीमागे खड्डा आहे हे टेकडीच सांगू देत नाही.

दोन आकृत्या काढल्या असत्या, पुढून एक आणि मागून एक. पण दोन मावत नाहीत. खिडकी एकच आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

सरांना छापलेला कागद दाखवला आणि अडचण सांगितली. त्यांनी चष्मा वर करून तो डोळ्यांजवळ धरला.

"अबे, सोपं आहे," ते म्हणाले. आम्ही दोघेच असलो की ते असंच बोलतात. "हे मागचं टोक काढून टाक. शेवटच्या चार विहिरी. वीस पुष्कळ झाल्या. टेकडी मोकळी दिसेल, आकृती अजून लहान होईल."

"पण खड्डा तिथंच आहे, सर."

"खड्डा आहेच कुठे? दिसत तर नाही." आणि हसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "मजकुरात एक ओळ लिही की, खालच्या टोकाला पातळी कमी आढळली. संपलं. लोक आकृती बघतात, तलावाचा फायदा बघतात. त्यात तुझं-माझं गाव चांगलं दिसतंय ना? मग?"

मी बरं म्हणालो. सरांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. त्यांच्या थोरल्या विहिरीखाली दहा एकर ऊस आहे आणि तलावाचं पाणी त्याला जातं, हे खरं, पण सरांच्या मनात तसं काही नसावं. त्यांनीच तर मला मोजू दिलं. हा फक्त आकृतीचा प्रश्न आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

चैतालीकडून वीस विहिरींची आकृती काढून घेतली. तिने फक्त कळ दाबली. आकृती देखणी आहे. सात सेंटिमीटरांतही बसते. टेकडी भरदार, हिरवी-निळी, एकदम सुखी दिसते.

जेवण झाल्यावर राजश्रीने कागद उचलला. तिचं माहेर शिरूर कासारचं, पाणी कुठे आहे आणि कुठे नाही हे तिच्या डोळ्याला लगेच दिसतं. "आपल्या वस्तीची इहीर कुठंय ह्यात?"

"ती वगळली. जागा नव्हती."

"आपल्याला कुठं असती जागा," ती म्हणाली आणि ताटं गोळा करून आत गेली.

मी तिच्या मागे जाऊन समजावलं की, इथे तसा काही अर्थ नाही, हा रुंदीचा प्रश्न आहे, एका स्तंभाची मर्यादा आहे. ती भांडी घासत होती. "मी कुठं काय म्हणले?" म्हणाली.

ते बरोबरच आहे. तिने काहीच म्हटलं नव्हतं. तरी मला कागद पिशवीत घालवेना. टेबलावरच पालथा ठेवला.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी गावी आलो. कारण काही नव्हतं. मायला भेटून बरेच दिवस झाले, असं राजश्रीला सांगितलं. खरं म्हणजे पौर्णिमेलाच भेटलो होतो.

माय चुलीपुढे भाकरी करत होती. मनकर्णा तिचं नाव, ऐंशीच्या आसपास आहे, अजून हातावर भाकरी फिरवते. मी तिच्यासमोर पाटावर बसलो. काय चाललंय म्हणाली. आलेख तिला शब्दांत कसा सांगणार? परातीत मळलेलं पीठ होतं, तेच पुढे ओढलं आणि सांगू लागलो. माझ्या बाजूला, पुढे, पिठाची टेकडी केली. हा तलाव, ह्या देशमुखांकडच्या विहिरी. मग पीठ उतरतं करत तिच्याकडे नेलं आणि अगदी तिच्या पुढ्यात अंगठ्याने खड्डा केला.

"ही आपली इहीर."

"बरं."

"आता अडचण अशी की, ही टेकडी मधी येती. खड्डा दिसत न्हाई."

मायने पिठाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुणाला दिसत न्हाई? मला तर समदं दिसतंय की. हा खड्डा, ती टेकाडी, त्याच्या मागं तू."

"तू त्या अंगाला बसलीस म्हणून."

"मग तू ये ना हिकडं."

मी उठलो नाही. म्हणालो, "तसं न्हाई, माय. आकड्यांचा क्रम असतो. मोजणी एक नंबरपासून सुरू व्हती. एक नंबर देशमुखांची थोरली इहीर."

"कावून?"

"कावून म्हंजे... तिथून सुरुवात केली म्हणून."

"तेच इचारते. कावून तिथून? तू तर विहारातून निघतूस. विहार वस्तीत हाय. आपली इहीर दारात हाय. ती सोडून तू वर तलावाला जातूस, अन् मग मोजत मोजत खाली आपल्याकडं येतूस. उन्हाचं दुप्पट चालणं कशापाई?"

तीन वर्षांत मला कुणी हे विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. आमच्या गावात सगळंच तिथून सुरू होतं. पोळ्याला पहिली बैलजोडी देशमुखांची निघते, मग बाकीची. पंगत तिथून बसते. निवडणुकीची फेरी तिथून निघते. मी भूगोलाचा माणूस, दोर घेऊन शास्त्र करायला निघालो आणि पाय आपोआप मानाच्या वाटेनेच गेले. सरांनी मला तसं सांगितलं नव्हतं. कुणीच नव्हतं सांगितलं.

माय म्हणाली, "पीठ दे हिकडं, भाकरी ऱ्हायल्या." मग माझा चेहरा बघून तिने परात जागच्या जागी अर्धी फिरवली. खड्डा माझ्यापुढे आला. टेकडी मागे गेली, आणि तीही सगळी दिसत होती, मागे उंच, काहीही न झाकता.

मायने खड्ड्यातूनच गोळा उचलला आणि थापायला घेतला.

२२ डिसेंबर, सोमवार

चैतालीला म्हणालो, "फिरव."

"पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा क्रम होता!"

"क्रमही बदल. वस्तीची विहीर एक. देशमुखांची चोवीस."

ती हसायची थांबली. माझ्याकडे जरा बघितलं आणि काही न विचारता कामाला लागली. बघणाऱ्याचा डोळा वस्तीच्या बाजूला आणला, थोडा उंचावर नेला, पंचवीस अंश, मग तीस. खड्डा पुढे आला. टेकडी मागे, एखाद्या गावामागे डोंगर असावा तशी. चोवीसच्या चोवीस विहिरी दिसतात. काही झाकलं नाही म्हणून दुसरी आकृती लागत नाही. समजावणारा मजकूरही निम्मा उडाला, कारण दिसतंय ते सांगावं लागत नाही. निबंध आता पाच पानं आणि वर थोडं.

पत्रिकेची खिडकी ठेवून बघितली. आठ सेंटिमीटर, तीन मिलिमीटर. दोन मिलिमीटर उरले!

मी तो कागद घेऊन अंगणात उन्हात गेलो. हात लांब करून बघितला, मग डोळ्यांजवळ आणून. शाळेत आमचे गुरुजी गावाचा नकाशा काढायचे तेव्हा फळ्याच्या मधोमध चावडी यायची आणि आमची वस्ती फळ्याच्या लाकडी चौकटीवर जायची. गुरुजी वाईट नव्हते. फळा संपायचा. मी वर्गात मागे बसून मनातल्या मनात वस्ती त्या चौकटीवर काढत असे. आज माझ्या हातातल्या कागदावर ती सगळ्यांत पुढे आहे, आणि कुणाची एक विहीरही वगळलेली नाही. एवढं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहितो.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सर सुट्टीवर होते, आज भेटले. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन बघितला.

"सुबक आहे," म्हणाले. मग आकडे वाचले. "माझी विहीर चोवीस?"

"हो."

"पोळ्याला आमची जोडी शेवटी सोडल्यासारखं झालं की रे हे." हसले. मीही हसलो. मग त्यांचं बोट आकृतीवरून हळूहळू सरकत गेलं, मागच्या टेकडीवरून पुढच्या खड्ड्यापर्यंत. "इथे वर पाणी भरपूर आहे, तेव्हाच खाली तळ दिसायला लागतो."

"हो, सर."

"म्हणजे आमच्या उसाला पाणी चालू असतं तेव्हा."

"ते मी कुठं लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलंय काय आता? दिसतंय."

बाहेर मुलांचा दंगा चालला होता. सरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "आणि खाली हे काय लिहिलंस? दृश्य वस्तीच्या बाजूने? वस्ती वगैरे कशाला? खालचं टोक म्हण. शास्त्रीय वाटतं. आणि आकडे पूर्वीसारखे ठेव, फिरवायचं तर नुसतं चित्र फिरव. विचार कर, सांग मला."

मी सांगतो म्हणालो. चुकून बरं म्हणालो नाही, एवढंच.

३१ डिसेंबर, बुधवार

पाच दिवस फाइल तशीच पडून आहे. 'खालचं टोक' हा शब्द चूक नाही. भूगोलात तसंच म्हणतात. पण वरच्या टोकाला मी निबंधभर 'पाझर तलाव' म्हटलंय, त्याला 'वरचं टोक' म्हटलेलं नाही. एका टोकाला नाव आणि दुसरं नुसतंच टोक. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

सर रागावले तर? पुढच्या पौर्णिमेपासून लोकांनी विहिरीत दोर सोडू दिला नाही तर? चैताली म्हणते, "पप्पा, निबंध तुमचा आहे." राजश्री काहीच म्हणत नाही. ती काही म्हणाली असती तर सोपं गेलं असतं.

परीक्षकांचा एक बारका प्रश्न राहिला होता, त्याचं उत्तर आज लिहिलं. तीन वर्षांत छत्तीसऐवजी सदतीस नोंदी कशा? मी लिहिलं, मोजणी पौर्णिमेची आहे आणि एका वर्षी अधिक महिना आला. पाऊस इंग्रजी महिना बघून पडत नाही, हे वाक्य लिहून पुन्हा खोडलं. चैतालीने ते परत घातलं.

३ जानेवारी २०२६, शनिवार. पौष पौर्णिमा.

विहारात वंदना घेतली. बाहेर आलो, दोर खांद्यावर टाकला, आणि सवयीने पाय ओढ्याच्या वरच्या वाटेला लागले. वीसेक पावलं गेल्यावर थांबलो, परत फिरलो आणि आमच्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन उभा राहिलो. माय दारात होती. तिने बघितलं आणि आत गेली. जरा वेळाने बाहेर आली ती डोक्यावरचा पदर नीट करून, पाहुणा आल्यासारखी.

बंकट ओरडला, "आज उलटा रं?"

"आजपासनं सुलटा," मी म्हणालो.

दोर बराच वेळ खाली जात राहिला. पाणी मागच्या पौर्णिमेपेक्षा हातभर खाली गेलंय. वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं.

तिथूनच सरांना फोन लावला. आधी काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, पण त्यांनी 'बोल' म्हटल्यावर ते सगळं गेलं. सरळ म्हणालो, "सर, निबंध आज पाठवतोय. विहीर नंबर एक वस्तीची. आणि शब्दही वस्तीच ठेवलाय."

पलीकडे मोटारीचा आवाज येत होता, पाण्याची की गाडीची, कळलं नाही.

"तुमचं नाव ठेवू ना, सर?"

"ठेव बे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "माझ्या विहिरीत आज किती आहे?"

"अजून मोजली नाही. तिकडे शेवटी येणार आहे."

"बरं. आलास की मला सांग. मी तिथेच आहे."

मी वस्तीकडून वर वर गेलो. उन्हं पाठीवर होती, चढ होता, तरी चालायला हलकं वाटलं. थोरल्या विहिरीपाशी सर उभे होते. मी दोर सोडताना त्यांनी माझी वही धरली आणि मी सांगितलेला आकडा स्वतःच्या हाताने चोवीसच्या पुढे लिहिला. त्यांनी बराच वेळ पाण्यात बघितलं. चहाला चल म्हणाले. गाडी चुकेल म्हणून नको म्हणालो, पण पुढच्या पौर्णिमेला येईन असं सांगितलं.

संध्याकाळी घरी चैतालीने सगळ्या फाइली लावून दिल्या. राजश्री हात पुसत मागे येऊन उभी राहिली. कळ मी दाबावी असं दोघींचं म्हणणं पडलं. दाबण्याआधी आकृतीखालची ओळ मी एकदा मोठ्याने वाचली. इंग्रजीत आहे ती, राजश्रीला मराठीत सांगितली:

'आकृती तीन. चोवीस विहिरींतील पाणी, सदतीस पौर्णिमा. दृश्य वस्तीच्या बाजूने.'

"मावलं का समदं?" तिने विचारलं.

"मावलं," मी म्हणालो आणि पाठवून दिलं.